हमाली अधिक तोलाई बरोबर २५२१२६?
प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या आवाहनानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे भाषा पायथन समजावी. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. मशीनवर त्या इंग्रजी लिपीत टाइप करायच्या.

प्रश्न : कांद्याच्या पट्टीचा हिशोब करणारा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. हमाली २५२ आणि तोलाई १२६ टाकली की बेरीज ३७८ यायच्या ऐवजी २५२१२६ येते. वजन आणि भावाचा गुणाकार तर होतच नाही, लाल अक्षरांत काहीतरी येतं. चूक कुठे आहे?
– एक शेतकरी वाचक, मोहोळ

उत्तर : ‘इनपुट’ हे फंक्शन (नाव घेऊन बोलावता येणारा, ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा) कीबोर्डवरून जे घेतं ते नेहमी मजकूर म्हणूनच घेतं. तुम्ही आकडे दाबले तरी त्याच्या लेखी ती अक्षरंच. अशा मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. दोन स्ट्रिंगच्या मध्ये अधिकचं चिन्ह आलं तर त्या एकापुढे एक चिकटवल्या जातात, म्हणून २५२ च्या शेजारी १२६ येऊन बसला. गुणाकाराला दोन स्ट्रिंग चालत नाहीत, तिथे ‘टाइपएरर’ येते. ती आली हे बरंच झालं. कारण एका बाजूला स्ट्रिंग आणि दुसऱ्या बाजूला पूर्णांक असेल तर गुणाकार बिनतक्रार होतो: स्ट्रिंग "१४५०" गुणिले ३ केलं की १४५०१४५०१४५० मिळतं.

आता शब्द लावून घेऊ. ‘हमाली’ हे तुम्ही किमतीला दिलेलं नाव, ते व्हेरिएबल. किंमत कोणत्या जातीची आहे, तो तिचा डेटा टाइप. पूर्णांक असेल तर इंट, दशांश चिन्ह असेल तर फ्लोट, मजकूर असेल तर स्ट्रिंग, खरं-खोटं असेल तर बूल. सी किंवा जावात टाइप आधी जाहीर करावा लागतो आणि तो त्या नावाला कायमचा चिकटतो. पायथनमध्ये टाइप किमतीबरोबर येतो, त्यामुळे सकाळी इंट असलेलं नाव दुपारी स्ट्रिंग होऊ शकतं. सोय आहे, आणि निम्मे घोळही इथेच होतात.

दुरुस्ती अशी:

हमाली = इंट(इनपुट("हमाली: "))
तोलाई = इंट(इनपुट("तोलाई: "))
वजन = फ्लोट(इनपुट("वजन क्विंटलमध्ये: "))
भाव = फ्लोट(इनपुट("भाव: "))

वजनाला इंट लावू नका. वजन २१.३५ क्विंटल असेल आणि तुम्ही ते स्ट्रिंगच्या रूपात इंटला दिलंत, तर ‘व्हॅल्यूएरर’ येऊन प्रोग्रॅम थांबेल. पण आधी फ्लोट करून मग इंट केलंत तर काहीही न बोलता २१ उरतात. इंट जवळच्या पूर्णांकाकडे नेत नाही, दशांशापुढचं सरळ तोडतं. गेलेले ०.३५ क्विंटल म्हणजे ३५ किलो. भाव १,४५० असेल तर पट्टीतून ५०७ रुपये ५० पैसे गेले, आणि पडद्यावर एकही एरर नाही.

आणखी दोन ठिकाणी अडाल. भाव १,४५० असा स्वल्पविराम देऊन टाकला तर फ्लोट तो नाकारतं. आधी ‘रिप्लेस’ने स्वल्पविराम काढून टाका. आणि काहीच न लिहिता एंटर दाबलं तर रिकामी स्ट्रिंग जाते, तिचाही आकडा होत नाही. ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ या जोडीने ती एरर पकडा आणि आकडा पुन्हा विचारा.

प्रोग्रॅम चालवण्याआधी एक पट्टी कागदावर करून ठेवा. २१.३५ क्विंटल, भाव १,४५०, म्हणजे ३०,९५७.५०. त्यातून हमाली २५२, तोलाई १२६ आणि मोटारभाडं १,८०० वजा केलं की २८,७७९.५०. हा झाला टेस्ट केस. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की हेच आकडे टाकायचे आणि हेच उत्तर येतं का बघायचं. दुसरा टेस्ट केस मुद्दाम वाकडा घ्या: वजन शून्य, किंवा खर्च विक्रीपेक्षा जास्त.

जाता जाता: फोनच्या मराठी कीबोर्डवरून १४५० देवनागरी अंकांत टाकलंत तरी पायथनचं इंट आणि फ्लोट ते ओळखतं. जावास्क्रिप्टचं ‘पार्सइंट’ ओळखत नाही. मात्र प्रोग्रॅमच्या ओळीत थेट देवनागरी अंक लिहिला तर पायथनही ‘सिंटॅक्सएरर’ देतं. व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवायला मात्र पायथन ३ मध्ये पूर्ण मुभा आहे, ‘हमाली’ असं देवनागरीतलं नाव खरंच चालतं.

प्रश्न : घरी जकार्डवर चादरी होतात. पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकांवरून कॉम्प्युटर निघाला असं शिक्षकांनी सांगितलं. हे खरं की नुसतं कौतुक?
– डिप्लोमाची विद्यार्थिनी, अशोक चौक

उत्तर : बऱ्याच अंशी खरं आहे. तुमच्या घरात माग आहे, तर जवळ जाऊन बघा. एका आडव्या धाग्यासाठी, म्हणजे धोट्याच्या एका फेकीसाठी, एक पुठ्ठा. पुठ्ठा सुयांवर येऊन दाबला जातो. जिथे भोक आहे तिथली सुई आत शिरते, तिचा हुक जागेवर उभा राहतो आणि वर जाणाऱ्या पात्यात अडकून आपला उभा धागा उचलतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक पात्यावरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. म्हणजे प्रत्येक जागी दोनच शक्यता, उचल किंवा नको. कॉम्प्युटरच्या भाषेत हाच एक बिट.

जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाचं हे यंत्र १८०४ चं. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात ‘अ‍ॅनालिटिकल इंजिन’ची आखणी केली तेव्हा भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना इथूनच घेतली. त्यात कोणती क्रिया करायची हे सांगणारी एक कार्डं होती, आणि ती कोणत्या किमतीवर करायची हे सांगणारी दुसरी. त्या दुसऱ्यांचं नावच ‘व्हेरिएबल कार्ड’. ते यंत्र पूर्ण बांधलं गेलं नाही, पण त्यावर बर्नुली संख्या कशा काढायच्या याची पायरीवार मांडणी एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये छापली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी माणसांची माहिती भोकांच्या कार्डांवर घेतली, आणि १९७० च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी प्रोग्रॅम कार्डांवरच लिहिले जायचे, एका ओळीला एक कार्ड.

पण जकार्डला कॉम्प्युटर म्हणता येत नाही, आणि का म्हणता येत नाही हे कळलं की प्रोग्रॅमिंगची निम्मी परिभाषा हाती येते. पुठ्ठे एकामागून एक येतात, हा सीक्वेन्स आहे. माळ गोल शिवलेली असते म्हणून शेवटच्या पुठ्ठ्यानंतर पुन्हा पहिला येतो, हा लूप आहे. पण ‘लाल धागा संपत आला असेल तर चाळिसाव्या पुठ्ठ्यावर जा’ असं पुठ्ठ्याला सांगता येत नाही. म्हणजे अट नाही, इफ नाही. किती फुलं विणून झाली हे पुठ्ठे लक्षात ठेवत नाहीत, म्हणजे व्हेरिएबल नाही. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, ती एक अट आहेच. पण ती यंत्राच्या दुसऱ्या भागात पक्की बसवलेली असते, पुठ्ठा बदलून ती बदलत नाही. बॅबेजच्या आखणीत मात्र मधल्या उत्तरावरून पुढची वाट बदलण्याची सोय होती. जकार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातलं खरं अंतर ते.

आता इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये पुठ्ठ्याच्या जागी फाइल असते आणि हुक धरायचा की सोडायचा हे विद्युतचुंबक ठरवतात. डिझाइनमधला एक चौकोन म्हणजे तिथेही एक बिटच.

प्रश्न : कॉलेजच्या निळ्या पडद्यावर चालणारा सी प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर चालत नाही. ‘कोनिओ डॉट एच’ सापडत नाही म्हणतो. शिवाय ८ चं फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) कॉलेजात ऋण येतं आणि घरी बरोबर येतं!
– बीसीए, प्रथम वर्ष, विजापूर रोड

उत्तर : निळा पडदा म्हणजे टर्बो सी. ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, डॉससाठी बनवलेलं सॉफ्टवेअर. ‘कोनिओ’ ही त्याची स्वतःची हेडर फाइल, सी भाषेच्या प्रमाणात ती नाही. ‘क्लिअरस्क्रीन’ आणि ‘गेटसीएच’ तिच्यातच असतात. घरी जीसीसी हा सीचा आजचा कंपायलर वापरत असाल तर त्या तिन्ही ओळी काढून टाका, ‘व्हॉइड मेन’ऐवजी ‘इंट मेन’ लिहा आणि शेवटी ‘रिटर्न ०’ द्या. सी प्लस प्लस असेल तर ‘आयओस्ट्रीम’पुढचं ‘डॉट एच’ही काढा आणि ‘यूझिंग नेमस्पेस एसटीडी’ची ओळ घाला. १९९८ च्या प्रमाणापासून ते तसंच आहे.

फॅक्टोरियलची गंमत वेगळी. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा असतो. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ७ चं फॅक्टोरियल ५,०४० आहे, ते बसतं. ८ चं ४०,३२०, ते बसत नाही. आकडा वरच्या टोकावरून घसरून ऋण बाजूला जातो. ४०,३२० वजा ६५,५३६, म्हणजे उणे २५,२१६. तुम्हाला कॉलेजात हाच आकडा दिसला असणार. याला ओव्हरफ्लो म्हणतात. घरच्या जीसीसीत इंट ३२ बिटांचा, मर्यादा २,१४,७४,८३,६४७. पण तिथेही निर्धास्त राहू नका, १३ चं फॅक्टोरियल टाकून बघा. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे; पडद्यावर बहुधा १,९३,२०,५३,५०४ येईल. धन आकडा आहे, दिसायला शहाणा, म्हणून कोणाला शंकाही येणार नाही. ‘लाँग लाँग’ घ्या, म्हणजे २० पर्यंत निभावेल. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी ठरीव मर्यादा नाही.

परीक्षेत टर्बो सीच आहे तर तिथे त्याच्या पद्धतीने लिहा. शिकायला मात्र जीसीसी वापरा, आणि कंपाइल करताना ‘वॉल’ हा पर्याय (वजाचं चिन्ह, मोठं डब्ल्यू, मग ए, एल, एल) लावा. त्याने न विचारता बऱ्याच चुका कळतात.

याच पत्रात कंपायलर आणि इंटरप्रिटरमधला फरक विचारला आहे. कंपायलर तुमचा सोर्स कोड आधी पूर्ण वाचून प्रोसेसरला कळणाऱ्या रूपात बदलतो. चालतं ते बदललेलं रूप. पायथन आधी कोडचं बाइटकोड, म्हणजे मधलं सुटसुटीत रूप करतं आणि इंटरप्रिटर त्यातली एकेक सूचना चालवतो. व्यवहारात फरक असा पडतो: नावाचं स्पेलिंग चुकलं तर सीमध्ये प्रोग्रॅम तयारच होत नाही. पायथनमध्ये कंस राहिला तर सुरुवातीलाच अडतं, पण चुकलेलं नाव ती ओळ चालायची वेळ येईपर्यंत लपून राहतं. ती ओळ महिन्याअखेरच्या हिशोबातच चालणार असेल तर चूकही महिन्याअखेरीलाच सापडेल.

प्रश्न : कापड दुकानाचं बिल करून बघतोय. १० पैसे, म्हणजे ०.१ रुपया, तीनदा मिळवून ३० पैसे होतात का विचारलं तर ‘फॉल्स’ म्हणतो. कॉम्प्युटर बिघडलाय का?
– नवी पेठ

उत्तर : कॉम्प्युटर ठीक आहे. फ्लोट हे आकडे दोनच्या पद्धतीत, म्हणजे बायनरीत साठवतं. निम्मा, पाव, अष्टमांश अचूक बसतात. एक दशांश बसत नाही. एकाला तीनने भागलं की आपल्याकडे ०.३३३ असं लांबत जातं, तसंच दोनच्या पद्धतीत एक दशांशाचं होतं. मग कुठेतरी तोडावं लागतं, आणि ०.१ तीनदा मिळवलं की ०.३०००००००००००००००४ उरतं.

पैशाच्या हिशोबाला यावर दोन उपाय आहेत. सगळा हिशोब पैशांत, पूर्णांकात करा आणि छापतानाच शंभराने भागा. किंवा ‘डेसिमल’ हे मॉड्यूल (तयार फंक्शनांचा संच) वापरा. डेसिमल वापरताना आकडा अवतरणात द्या, डेसिमल("०.१") असा. अवतरण विसरलात तर आधी फ्लोट होतो, बिघडतो, आणि तो बिघडलेला आकडा डेसिमल इमानाने जपतो.

‘राउंड’वरही विसंबू नका. राउंड(२.५) केलं तर २ मिळतात, राउंड(३.५) केलं तर ४. बरोबर मध्यावर असेल तर पायथन सम संख्येकडे जातं. दुकानात अर्धा नेहमी वर घ्यायची रीत असेल, तर डेसिमलच्या ‘क्वांटाइझ’ला ‘राउंड हाफ अप’ सांगावं लागतं. आणि फ्लोटची बरोबरी दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासायची सवय सोडा; दोन आकड्यांतला फरक फार छोटा आहे का ते बघा.

प्रश्न : ८२ टक्के टाकले तरी प्रोग्रॅम ‘पास’ एवढंच म्हणतो, ‘डिस्टिंक्शन’ म्हणत नाही.
– अकरावी आयटी, बार्शी

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये पहिली अट ‘३५ किंवा जास्त’ आहे. ८२ तिथेच अडकले. ‘इफ’ आणि त्याखालचे ‘एलिफ’ वरून खाली तपासले जातात, पहिली खरी ठरलेली अट धरली जाते आणि बाकीच्यांकडे कोणी बघत नाही. ७५, ६०, ४५, ३५ असा उतरता क्रम लावा.

तुमच्याच वर्गातल्या दुसऱ्या पत्रात सीमधलं ६० <= टक्के < ७५ आहे. पायथनमध्ये याचा अर्थ तुम्हाला वाटतो तोच होतो. सीमध्ये आधी ६० ची तुलना होऊन १ किंवा ० उत्तर येतं, आणि ते नेहमीच ७५ पेक्षा लहान असतं. अट कायम खरी! तिथे दोन अटी ‘अँड’ने जोडाव्या लागतात. तसंच इफमध्ये एकच बरोबरचं चिन्ह टाकलं तर सी तुलना करण्याऐवजी किंमत भरून टाकतं. पायथन तिथेच सिंटॅक्सएरर देऊन सोडवतं.

प्रश्न : पाढा नवापर्यंतच येतो, आणि एकदा तर पडदाभर तोच आकडा धावत सुटला.
– पंढरपूर

उत्तर : रेंज(१, १०) मध्ये दहा येत नाही, शेवटचा आकडा वगळला जातो. रेंज(१, ११) लिहा. धावत सुटलेला तो इन्फिनिट लूप: ‘व्हाइल’च्या आत मोजणारं व्हेरिएबल वाढवायचं राहिलं, किंवा वाढवणारी ओळ लूपच्या बाहेरच्या मार्जिनवर गेली. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. पायथनमध्ये मार्जिन हाच व्याकरणाचा भाग आहे. प्रत्येक पातळीला चार स्पेस ठेवा, टॅब आणि स्पेस मिसळू नका. सी लिहिणाऱ्यांनी ‘फॉर’च्या कंसानंतर अर्धविराम तर पडला नाही ना ते बघावं. तो पडला की लूप रिकामा फिरतो आणि खालचा मजकूर एकदाच चालतो.

प्रश्न : आमचं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका मराठी-तेलुगू दोन्हींत करतो. नावांची जुनी यादी प्रोग्रॅममध्ये वाचली की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. नवी यादी नीट येते, पण ‘सोलापूर’ची अक्षरं मोजली तर ७ सांगतो.
– भवानी पेठ

उत्तर : जुनी यादी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक होते, आणि फॉन्टने त्यांच्या जागी मराठी आकार दाखवले. प्रोग्रॅमला फॉन्ट दिसत नाही, क्रमांक दिसतात. अशी फाइल आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, आणि कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा आहे ना हे बघा. एका कंपनीच्या फॉन्टचा तक्ता दुसरीच्या फॉन्टला चालत नाही. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, बिघाड तिथेच होतो. युनिकोडमध्ये देवनागरी आणि तेलुगू दोन्हींना स्वतंत्र क्रमांक आहेत, त्यामुळे दोन्ही एकाच फाइलमध्ये सुखाने राहतात.

सातचं म्हणाल तर ‘लेन’ अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे क्रमांक मोजतं. स, ओची मात्रा, ल, काना, प, दीर्घ उकार, र. झाले सात. याच कारणाने मराठी स्ट्रिंग उलटी करायला जाल तर फजिती होते. इंग्रजीच्या पुस्तकातला उलटा करायचा प्रोग्रॅम ‘सोलापूर’वर चालवा, ‘रूपालोस’ मिळेल. आपल्याला हवं असतं ‘रपूलासो’. क्रमांक उलटे झाले की मात्रा आपलं अक्षर सोडून शेजारच्याला चिकटतात. पत्रिकेवर नाव किती अक्षरांनंतर तोडायचं हे ‘लेन’वरून ठरवत असाल तर थांबा, अर्ध्या जोडाक्षरात नाव तुटेल. बाहेरून घेतलेल्या ‘रेजेक्स’ नावाच्या मॉड्यूलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि मोठा एक्स हे चिन्ह मात्रेसकट अक्षर उचलतं, त्यावर बरंचसं काम भागेल.

विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (क्रमांक फाइलमध्ये साठवायची पद्धत) = "यूटीएफ-८" स्पष्ट लिहा, नाहीतर पायथन विंडोजचं स्वतःचं एन्कोडिंग धरू शकतं. आणि प्रोग्रॅमने बनवलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर विचित्र दिसली तर लिहिताना "यूटीएफ-८-सिग" वापरा.

प्रश्न : माझं फंक्शन बरोबर उत्तर छापतं, पण त्याच्यापुढे ‘नन’ कुठून येतं?
– जुळे सोलापूर

उत्तर : फंक्शनच्या आत तुम्ही ‘प्रिंट’ केलंत, ‘रिटर्न’ केलं नाही. प्रिंट पडद्यावर दाखवतं. रिटर्न उत्तर बोलावणाऱ्याच्या हातात देतं. ज्या फंक्शनमध्ये रिटर्न नाही ते ‘नन’ परत करतं, आणि तुम्ही बाहेर पुन्हा प्रिंट लावल्यामुळे तेच छापलं गेलं. आज हे नुसतं कुरूप दिसतंय. उद्या ते उत्तर दुसऱ्या आकड्यात मिळवायला जाल तेव्हा टाइपएरर येईल. हिशोब करणाऱ्या फंक्शनने रिटर्न करावं, छापणं एकाच जागी ठेवावं. फंक्शनच्या आत तयार केलेलं व्हेरिएबल बाहेर दिसत नाही, तेही याच पत्रात विचारलं आहे: त्याला लोकल स्कोप म्हणतात, आणि ते चांगल्यासाठीच आहे.

प्रश्न : लॅपटॉप नाही. मोबाइलवर शिकता येईल का? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कोड चिकटवला तर पहिल्याच ओळीत एरर येते.
– मंगळवेढा

उत्तर : सुरुवातीला येतं. अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप पुरेसं आहे, इंटरनेट नसतानाही चालतं. ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब आहे, त्याला इंटरनेट लागतं. मात्र पन्नास-शंभर ओळींच्या पुढे फोनवर मान मोडून लिहिण्यात अर्थ नाही, तेव्हा कॉलेजची लॅब किंवा वाचनालयातला कॉम्प्युटर गाठा.

चिकटवलेल्या कोडमधली चूक बहुधा अवतरण चिन्हांची असते. फोन आणि वर्ड सरळ अवतरण चिन्हं वळणदार करून टाकतात. माणसाला दोन्ही सारखीच. पायथनला वळणदार चिन्ह माहीतच नाही. ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ असं काही आलं तर अवतरण चिन्हं पुसून हाताने टाइप करा. ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसही पाठवताना गळलेल्या असतात, त्या परत भरा.

एरर आली की खालून वाचा. शेवटच्या ओळीत एररची जात आणि कारण असतं, त्याच्या वर ओळ क्रमांक. त्या ओळीत काहीच चुकीचं दिसत नसेल तर तिच्या वरची ओळ बघा. न मिटलेला कंस वर असतो आणि बोंब खाली होते.

थोडक्यात

एचटीएमएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे का? (होटगी रोड) – नाही. पानावर कुठे शीर्षक, कुठे परिच्छेद हे ती सांगते. तिच्यात अट नाही, लूप नाही. वेब शिकायला ती लागतेच, त्यामुळे कमी लेखू नका.

जावा आणि जावास्क्रिप्ट एकच का? (सांगोला) – दोन वेगळ्या भाषा. दोन्ही १९९५ मध्ये आल्या, नावापुरतं नातं.

पाच नावांच्या यादीत पाचवं नाव मागितलं तर ‘इंडेक्सएरर’. (करमाळा) – मोजणी शून्यापासून होते. पाचवं नाव चौथ्या क्रमांकावर आहे. शेवटचंच हवं असेल तर उणे एक लिहा.

यादीची नक्कल केली, नकलेत नाव वाढवलं तर मूळ यादीतही वाढलं! (अक्कलकोट) – ब = अ लिहिल्याने नक्कल होत नाही, त्याच यादीला दुसरं नाव मिळतं. ब = अ.कॉपी() लिहा.

एआय कोड लिहून देतं, मग हे शिकायचं कशाला? (सात रस्ता) – वरच्या पट्टीतले ५०७ रुपये ५० पैसे कुठे गेले हे ते न विचारता सांगेलच असं नाही. लिहून घ्या, पण टेस्ट केस तुमचा ठेवा.

फाइल शेजारीच आहे तरी ‘फाइल नॉट फाउंड’. (माढा) – विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावातला डॉटपुढचा भाग, लपवतं. ‘यादी डॉट टीएक्सटी’ असं नाव देताना तुम्ही डॉट टीएक्सटी टाइप केलंत आणि नोटपॅडच्या फाइलला ते आधीच होतं, तर खरं नाव ‘यादी डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी’ झालं आहे. एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून एक्स्टेन्शन दाखवायला सांगा.

रँडमचा सराव केला त्या दिवसापासून रँडमच चालत नाही. (कुर्डुवाडी) – सरावाच्या फाइलचं नावच ‘रँडम डॉट पीवाय’ ठेवलं आहे. पायथन मॉड्यूल शोधताना आधी तुमच्या फोल्डरमध्ये बघतं, तिथे तुमचीच फाइल सापडते. नाव बदला आणि शेजारचं ‘पायकॅश’ फोल्डर पुसून टाका.